खळ्यावरचे बूट

त्या फार्महाऊसवाल्या बाईला तुमी चांगली म्हणता ना, मग ऐका. परवा ती नवऱ्याला घेऊन आमच्या खळ्यावर फोटो काढायला आली. शेणानं सारवलेलं खळं, मधी नव्या भाताची रास, आणि ही बूट घालून थेट राशीत उभी.

बाबा म्हणाले, "ओ बाय, आधी बूट काढा. लक्ष्मी हाय ती."

ती नवऱ्याला म्हणाली, "सो बूरिश!" आणि गाडीत बसून गेली.

बाबांनी विचारलं, "काय बोलली रं?"

"रानटी म्हणाली."

"बोलू दे. तिला खळं काय ठावं?"

माझं डोकं फिरलेलं. मोबाईलवर शब्द बघितला. मूळ डच भाषेतलं, अर्थ शेतकरी. शहरातल्यांनी शेतकऱ्याच्या नावाचीच शिवी केली. बाबांना सांगितलं, तसं त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"रानटी म्हनली ते सोडलं व्हतं. शेतकरी ही शिवी?"

संध्याकाळी तिचाच फोन. "काका, दरवर्षीसारखे नवे तांदूळ द्याल ना?"

बाबा शांतपणे म्हणाले, "देतो की. तुमच्या बुटाखालचं भात वेगळं काढून ठेवलंय. तेच भरडून देतो."