पहिला नंबर गोलूच्या गाडीचा

— नाई सर, मोबाईलमंदी पाहून गाडी धुवाचं प्रेशर मशीन मागवू नका, मी सांगून राह्यलो. तुमाले वाटन, जानरावचा धंदा बुडते म्हनून जानराव नाई म्हनते. म्हना! पन इचारलं तं खरं सांगतो. तुमच्या घरी गाडी एक. नळ किती दिवसाआड येते — पाचव्या दिवशी ना? मंग थ्या मशीनले पानी कुठून पाजता, पेयाच्या पान्याच्या टाकीतून? दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक साध्या पान्याची, एक मऊ फडकं, झालं. कपड्याची पावडर तेवढी नका टाकू. फोम गन, चाकाचा येगळा ब्रश, बारा तऱ्हेचे फडके — हे सारे हौसेचे चोचले. आनि मशीनच्या धारीनं रंग निंगते, सर. कोनाचा काय, माह्या पोराच्याच गाडीचा निंगला.

गोलू माहा. पुन्याले कंपनीत हाय. दोन वर्सामांगं दसऱ्याले आलता — नवी पांढरी गाडी, संगं सूनबाई वैभवी, आनि डिक्कीत थे मशीन. आता दसऱ्याले इथं काय गर्दी रायते, तुमी पाहतच असान, जीपा, ट्रॅक्टर, पार रोडपर्यंत लाइन. आनि माही सतरा वर्साची रीत हाय — पहिली धुवाची थे घरची गाडी, तिच्यापुढं नारळ फोडाचा, मंग गिऱ्हाईक. तोवर घरची गाडी म्हंजे माही जुनी लुना. लोकं हासत. त्या वर्सी म्या आठ दिवस आधीपासून साऱ्यायले सांगून ठेवलं, औंदा पहिला नंबर गोलूच्या गाडीचा. आठ वाजले, नऊ वाजले. रॅम्प रिकामा, मानसं बोंबलून राह्यले, मी झेंडूचा हार घेऊन उभा. मंग थो देवमन दूधवाला आला, म्हने — जानरावभाऊ, कायची वाट पाह्यता, तुमचं पोट्टं तं घरी अंगनातच गाडी धुऊन राह्यलं! सारे हासले, सर. नारळ तसाच ठेवला अन् घरी गेलो.

गोलूले म्हनलं, बापू, चाल, तुयासाठी लाइन थांबली, मशीनच्या धारीनं रंग निंगन. तं म्हनते कसा — "बाबा, तुमच्याकडे ट्रॅक्टर पुसलेलं फडकंच गाडीला लावतात, ओरखडे पडतात." सुनेसमोर! आता लावतो मी, खोटं कायले बोलू? इतक्या गाड्यायले इतके फडके कुठून आनू? पन त्याच फडक्यावर शिकला ना थो! लय लागलं मले. आतून लागलं.

थो चहा प्याले घरात गेला. मशीन ओट्यावर पडलेलं. त्याच्या नळीच्या तोंडाले लावाचे पाच नोझल येतेत — पांढऱ्याची धार पसरट, लालची सुईवानी. पांढरं लावून होतं. बोनेटवर गोटा लागून एक टवका उडालेला, मले तं दुरूनच दिसला. अशा टवक्यावर लालची धार पडली का पापुद्रा उचलतेच, हे मले मालूम, त्याले कुठून मालूम असन? — म्हंजे, कोनालेच मालूम नसते, म्हनून तं म्हनतो का नका घेऊ...

काय? नोझल कोनी बदललं म्हनून काय इचारता? बदललं होतं, बस.

हव. म्या बदललं. झालं समाधान?

थो चहा पिऊन आला, तशीच धार बोनेटवर मारली, वीतभर रंग गेला. नव्या गाडीचा. सूनबाई रडली. दिवस मावळता गोलू सोनं द्याले आला, आपट्याचं पान माह्या हातावर ठेवलं, पाया पडला, म्हने, "बाबा, तुमचंच खरं होतं. यापुढं गाडी तुमच्याकडेच." आनि म्या सोनं घेतलं, सर. वरून डोक्यावर हात ठेवला.

आता आला का गाडी इथंच आनते. त्याच्यासाठी नवं फडकं येगळं ठेवलं हाय. थो तिथं, तुमी बसले त्याच खुर्चीवर बसते, मी धुतो. गिऱ्हाइकायले सांगते — माह्या बाबांसारखा हात कोनाचाच नाई. बोनेट पुसता पुसता दर खेपेले म्हनतो, आता सांगाव. तोंडच उघडत नाई. बायकोले, पंचफुलेलेही नाई सांगितलं आजपावतर.

असं पाहू नका माह्याकडं. झाली तुमची गाडी, काहाडा रॅम्पवरून, मांगं ट्रॅक्टर थांबला. आनि सर — घ्या थे मशीन. खुशाल घ्या. पुन्हा इथं नका येऊ.