मध्ये मी आणि हातात कागद

…नाही पण मला सांगा, एकमेकांशी बोलायचंच नसेल तर दोघांनी मिळून गाडी दुरुस्त करायला घ्यायचीच कशाला? एक माझा नवरा, एक माझा दीर, दोघं पन्नाशीकडे झुकलेले, एकाच बॉनेटखाली डोकी घालून उभे, टकलाला टक्कल लागतंय… आणि अबोला! कशावरून? दहा नंबरच्या पान्यावरून! हे म्हणतात त्यानं हरवला, तो म्हणतो दादानं हरवला, आणि उन्हाळ्यापासून दोघांमधलं टपाल कोण वाहतंय? मी!

त्यात मामंजींच्या छातीत दुखलं. दवाखान्यात ठेवलं, बरे झाले, आज दुपारी घरी सोडणार. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना मनस्ताप होईल असं काही करू नका." आणि मामंजी खाटेवरून म्हणतात, "येईन तर माझ्या गाडीतून. दोन्ही पोरं पुढच्या सीटवर पाहिजेत. नाहीतर मी इथेच राहतो, नर्स गोड बोलते!"

आता गाडी त्यांच्या तरुणपणची. सुरूच होईना. रोग काय, तर पॉइंट. तुम्हाला सांगते, मला काडीचं कळत नाही, पण सकाळपासून ऐकून ऐकून मी आता क्लास काढू शकते. दोन इवलेसे पत्रे असतात हो, चिकटतात, सुटतात, आणि ज्या क्षणी सुटले त्या क्षणी ठिणगी पडते. क्षण चुकला की गाडी ठप्प. आणि तो क्षण पकडायचा कसा? पत्र्यांमध्ये कागदाचा कपटा धरायचा, इंजिन हळूहळू हातानं फिरवायचं, कपटा सैल झाला की तोच क्षण! म्हणजे पुढे भाऊजी बंपरखालून आत घातलेलं लोखंडी हँडल फिरवणार, बाजूला हे डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे ते पत्रे असतात त्या डबीला, हात लावून, आणि मध्ये… मी आपली कागद धरून उभी!

कागद सुटला. मी ओरडले, "भाऊजी, थांबा!" तर हे माझ्यावरच! "मी सांगितल्याशिवाय त्याला सांगायचं नाही! आधी मला सांग!" बरं. पुन्हा फिरवा. कागद सुटला. मी ह्यांना म्हटलं, "सुटला हो." हे म्हणाले, "त्याला म्हणावं थांब." मी म्हटलं, "भाऊजी, हे म्हणतायत थांबा." तोवर इंजिनाच्या चाकावरची खूण गेली बोटभर पुढे! भाऊजी खालून गुरगुरले, "वहिनी, विचारा त्यांना, पत्रानं कळवणार होते का?" मी ह्यांच्याकडे वळले, तर हे म्हणतात, "ऐकलं मी!" अहो, ऐकता ना? मग बोला ना! पण नाही. पुन्हा फिरवा. घड्याळ पळतंय, दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला, मामंजी म्हणे बूट घालून बसलेत, आणि मी आपली कागद धरून उभी!

शेवटी ह्यांनी अक्कल लढवली. "बोटभर पुढे जातंय ना? मग मी ही डबीच बोटभर मागे फिरवून ठेवतो, हाय काय नाय काय!" फिरवलं. स्क्रू आवळला. मला म्हणाले, कागद काढ, हा पाना धर, हा बल्ब धर, हे फडकं धर. हात दोन, वस्तू तीन, कागद कुठे ठेवणार? धरला दातात.

बॅटरी मेलेली, म्हणजे हँडल मारूनच सुरू करायची. भाऊजींनी हातावर थुंकी लावली, हँडल मुठीत गच्च धरलं. आणि माझे डोळे गेले त्यांच्या मुठीवर. का? तर मामंजींचं लग्नापासून ऐकतेय मी, "सूनबाई, ठिणगी वेळेआधी पडली ना, की हँडल उलटं येतं. अंगठा मुठीत असला तर अंगठा गेला, मनगटही गेलं!" आणि भाऊजींचा अंगठा… मुठीत!

इकडे हे डिस्ट्रिब्युटरकडे बघत पुटपुटले, "अगं… चुकीच्या बाजूला फिरवलं की काय मी? ठिणगी आधीच पडेल!" चेहरा पांढराफटक. मला म्हणतात, "सांग, सांग त्याला, मारू नको म्हणावं!"

काय सांगू? दातात कागद! मी नुसती "म्म्म! म्म्म!"

भाऊजींना वाटलं वहिनी हो म्हणतायत. घेतला झोक…

"अंगठा काढ रे गाढवा!!"

मी नाही हो. हे! उन्हाळ्यापासूनचा पहिला शब्द, तोही असा की शेजारची खिडकी उघडली! भाऊजींनी हात झटकला आणि त्याच क्षणी हँडल उलटं आलं… खाड्! बंपरवर आपटलं. हात तिथे असता तर? मला आत्ताही घाम फुटतो, बघा.

 मग हे म्हणाले, "लागलं का?" तो म्हणाला, "नाही दादा." मग दोघं मिनिटभर हँडलकडेच बघत राहिले, जसं काही त्यानंच शिवी दिली होती.

आणि मग काय! "फिरव." "फिरवतोय." "थांब!" "थांबलो." झालं! सकाळपासूनचं रामायण, चहा निवायच्या आत संपलं. गाडी अशी सुरू झाली म्हणून सांगू, मांजर घुरघुरावं तशी. दोघं पुढे बसले, हा म्हणतो मी चालवतो, तो म्हणतो हँडल मी मारलं दादा, सबंध रस्ताभर बडबड!

दवाखान्याच्या दारात मामंजी, बूट घालून, घुश्श्यात. "एवढा उशीर? कुणामुळे?"

तर दोघं एका सुरात, "हिच्यामुळे!" "वहिनींमुळे!" "निरोपच उशिरा देत होती!" "हो ना बाबा, आणि ऐनवेळी नुसतं म्म्म!"

मामंजींनी दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं सांगणार होते मी… पण सोडलं. म्हटलं, हो मामंजी, माझंच चुकलं. गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसले. एवढ्या मुश्किलीनं जुळलेलं, कोण हात लावणार त्याला!