पोट्टी काच पाहाले गेली

...तं मी म्हणतो, काचेत पाहाचं काय राह्यते? काच तं पलीकडचं दिसाले लावतेत ना! पण आमची दुर्गेश्वरी... तिचा बाप गेला तवापासून घरी आम्ही दोघीच... तिकडं बंगलोरच्या कॉलेजात काच पाहून राह्यली! डॉक्टर होणार म्हणे. दवाखान्यातली नाही, काचेची! शेजारची जमुना विचारते, "काऊन वो, काच बिमार पडते काय?" म्हटलं, तुयं तोंड बिमार पडन, चूप बस!

फोनवर पोट्टी मले समजावते, "आई, मिठातले अणू प्रार्थनेतल्या पोरांवानी रांगेत राह्यतेत. काचेतले मंडईतल्या गर्दीवानी, जसे घुसले तसे. जवळ कोण हाय ते समजते, दूर कोण कुठं, पत्ता नाही. तेच शोधून राह्यली." आता बाप्पा, गर्दीच पाहाची तं मंडईले ये ना घरी! दिवाळी झाली की गावची मंडई, जत्राच भरते, रातभर नाटकं, साऱ्यांच्या लेकी येतेत, अन् माही? काचेत पाहाचं काय राह्यते, सांगा!

मंग मीच डोकं चालवलं. इथूनच काच पाठवतो, काम लवकर उरकन, पोट्टी मंडईले येईन. माह्या हातात तं बांगड्या नाहीत आता. निघाली घरोघरी, "फुटल्या बांगड्या द्या वो!" लीलाधरची बायको दारातच दचकली, "मावशी! सणासुदीत हे काय मागून राह्यली?" म्हटलं, विज्ञान मागून राह्यली, दे! शकुंतलाबाईनं तं चांगल्या चार फोडून देल्ल्या, "माही बांगडी बंगलोर पाह्यन!" डबाभर पार्सल केल्या.

पोट्टीचा फोन, "अवं आई, ह्या नाही चालत. आमची काच आम्हीच वितळवतो. अन् आता भट्टीतली हळूहळू निववाची हाय, घाई केली की तडकते. मंडईले नाही जमत वो..."

म्हटलं, निवू दे.

मंडईच्या दिवशी सवयीनं दोघींचं रांधलं. भात निवला, वरण निवलं, चहा निवला... तडकलं काही नाही, हो!

आता जमुनाच विचारते, "काचेत पाहाचं काय राह्यते वो?" म्हटलं, लय राह्यते! मी बी रोज पायतो. खिडकीच्या काचेतून कोहमाऱ्याची बस दिसते, थांबते, चार जण उतरतेत, जाते. पदरानं पुसून पुसून पायतो...

काच एकदम साफ हाय. पोट्टीच उतरत नाही.