कमेंटसकट सगळं दिसतं

नवीन काही शिकले की मला ते मिरवल्याशिवाय पचत नाय, तुम्हाला माहीतच आहे. लोकांच्या ताज्या पोस्टी शोधायचं ते ॲप आहे ना, त्यात आता शब्द टाकला की कालपरवाचं सगळं दिसतं, अगदी कमेंटसकट. शिकले पेणला आणि मिरवायला गेले अष्टमी गावाला, नणंदेकडे. सोबत दर वर्षीसारखे घरचे पापड.

"हे बघ शैला, आता 'पेणचे पापड' टाकते," म्हटलं. पहिलीच कमेंट शैलाची, सकाळची! 'आमची वहिनी पेणचे पापड फुकट देते. मीठ एवढं, की कोंबड्यापण तोंड लावत नाय.'

मी फोन तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "ते कोंबड्यांचं मत आहे गो. आता तुझं नाव टाक."

"रेंज नाय इथे."

"हाय की!" म्हणत तिनेच फोन ओढला. दुसऱ्यांचं सापडतं तसं आपलंही सापडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मैत्रिणीच्या मोदकांच्या फोटोखाली मी काल लिहिलं होतं, 'तुझे किती मऊ दिसतात! आमच्या नणंदेचे फोडायला बत्ता लागतो.'

शैला उठून चहा ठेवायला गेली. निघताना मी पापडांची पिशवी तिच्या हातात दिली. "कोंबड्यांना सांग, या वेळेस मीठ बेताचं आहे."

तिने डबा पुढे केला. "मोदक हायत. माझ्या भावाला दे. बत्ता आहे ना घरी?"