बासरी संपेपर्यंत

मी, पियानो जुळवणाऱ्याची पत्नी, वय ६१, धंदा संगीत शिक्षिका, राहणार सभागृहामागील गल्ली, दुसरा मजला. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे:

मयताला मी सदतीस वर्षे ओळखत होते. ज्या कॉन्व्हेंट शाळेत मी शिकले आणि पुढे शिकवू लागले, तिथला पियानो जुळवायला ते प्रथम आले तेव्हा मी बोलतच होते. ते म्हणाले, "बाई, जरा गप्प बसता का? तार ऐकू येत नाही." मी बसले. सिस्टरांनी पाठवलेला चहा दोघांचाही तसाच राहिला.

काल रविवारी दुपारी चारला कार्यक्रम होता. आधी पियानो आणि वाद्यवृंदाचा कॉन्चेर्टो, मध्यंतरानंतर नुसत्या वाद्यवृंदाची सिम्फनी. सिम्फनीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी आमच्या मुलीची एकटीची बासरी होती. वाद्यवृंदात तिचे हे पहिलेच वर्ष.

मध्यंतरात पियानो लिफ्टने रंगमंचाखालच्या खोलीत उतरवला; ती लिफ्ट वरूनच चालते. पतीचे हात थरथरतात म्हणून मी सोबत असते. आम्ही पियानोवर खोळ घालत होतो. दार वाजू नये म्हणून रंगमंचावरचा कामगार नेहमी बाहेरून कडी लावतो, तशी त्याने लावली. आम्ही आत आहोत हे त्याला माहीत नव्हते. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. फोन नियमाप्रमाणे बाहेर ठेवले होते.

सिम्फनी पाचला सुरू झाली. मी दार ठोकायला निघाले. पती म्हणाले, "राहू दे. लोकांनी तिकीट काढलंय, आपल्याला फुकटात." सव्वापाचच्या सुमारास ते जमिनीवर बसले. म्हणाले, "छातीवर कुणी पियानो ठेवलाय. तोही बेसूर." त्यांना दरदरून घाम सुटला होता. वर दुसरा भाग सुरू होता. तो शांत आहे. पियानोची एक पट्टी दाबली असती तरी वर ऐकू गेली असती. मी झाकण उघडले. त्यांनी माझे मनगट धरले. "पोरीचं होऊ दे गं."

बासरी चार मिनिटे होती. ती चुकली नाही.

नंतर मी दोन्ही हातांनी पियानो बडवला, दार ठोकले, हाका मारल्या. तोवर वर ड्रम आणि ट्रम्पेट लागले होते. पाच बेचाळीसला, टाळ्या थांबल्यावर, कडी निघाली. पती नेमके केव्हा गेले ती वेळ मला सांगता येणार नाही. मी दाराशी होते.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी सांगितले तसेच उतरले आहे. बासरीबद्दलचे वाक्य गाळू का, असे आपण विचारलेत. राहू द्यावे.

पियानोची किल्ली सभागृहाच्या व्यवस्थापकांना द्यावी. हत्यारांची पेटी पतीच्या हाताखाली शिकलेल्या बाईंना. चष्मा आणि घड्याळ मुलीला. या जबाबाची प्रत तिने मागितली तरी तिला देऊ नये. दार बाहेरून बंद होते, एवढेच मी तिला सांगितले आहे.