दोघांनी ओढायचा दोर

मंडळी, उन्हाचं तुम्ही आलात. हर्सूलच्या या हॉलात खुर्च्या कमी पडल्या, मागं माणसं उभी हायेत. भिवादादा असता तर आधी त्यांना बसवलं असतं, मग बोलला असता. मी त्याची धाकटी बहीण, ठकू. चौथीपर्यंत शिकले. मला भाषण येत नाय, कागदावर लिहून आणलंय.

आज सातवा दिवस. बायका म्हणतात, ठकू, रडून घे. येत नाय रडू, काय करू? रोज सकाळी त्याच्या अंघोळीचं पाणी ठेवते. तापलं की बघत बसते.

मघाशी सगळ्यांनी त्याला लई मोठं म्हटलं. मोठा होताच. देवगाव रंगारीच्या रानात मेंढरं वळणारा माणूस ढोल घेऊन विमानात बसला. टीव्हीवाले दारात यायचे. पण त्या नावाचं त्यानं काय केलं? जिथं दोन आळ्या भांडल्या, दगड उचलले, तिथं गेला. बोलावलं नाय तरी गेला. म्हणायचा, "ठके, भिवा आला म्हटल्यावर दोन्हीकडची बघायला येतात. नावाचा तेवढाच उपयोग."

आमच्यात ढोल वाजवून झाला की दोर सैल सोडतात. पुन्हा ताणायला दोन माणसं लागतात. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं ओढलेलं धरून ठेवायचं. घरी ते दुसरं माणूस मी. भांडणाच्या गावात मात्र त्याची अट होती. एक माणूस या आळीचा, एक त्या आळीचा. दोघं आल्याशिवाय ढोलाला काठी लावायचा नाय. सोयगावकडं एकदा दिवसभर बसला आन् न वाजवता परत आला. मी म्हटलं, "येवढ्या लांब ढोलाला हवा खायला नेलतं का?" तर हसला.

गेल्या महिन्यात इथंच शहरात, एका मोहल्ल्यात गेलो. तिथं दगडफेक होऊन चार दिवस झालते. माणसं जमली, पण दोराला कुणी हात लावंना. एक तास गेला. दुसरा गेला. माझं डोकं तुम्हाला माहीत हाय. मी ढोल टेम्पोमागं नेला, गुडघा लावला आन् एकटीनं दोर ओढला. आणून त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, ताणलाय, वाजव आन् चल घरी.

त्यानं एकच काठी मारली, आवाज बसका निघाला. माझ्याकडं बघितलं.

"कुणी ओढला?"

"मी."

"आन् धरला कुणी?"

सगळ्यांसमोर त्यानं दोर पुन्हा सोडला. मला लाज वाटली, राग आला. म्हटलं, "बस मग नवरीवानी, मागणी येईपर्यंत," आन् रिक्षा करून निघून आले.

त्यानंतर आम्ही बोललो नाय. जेवायला वाढायची, तो जेवायचा. एका पहाटे उठलाच नाय. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला.

मी गेल्यावर तिथं काय झालं, ते मला मातीच्या दिवशी कळलं. त्याच मोहल्ल्यातल्या सलीमचाचांनी सांगितलं. ते पुढं बसलेत, बघा. चाचा दादाला म्हणाले, "क्या भिवा, नवरी के माफिक मुंडी नीची करके कायकू बैठा रे?" आन् दोर धरला. मग समोरच्या आळीतले पाटीलकाका उठले, म्हणाले, "चाचा, तुमच्यानं नाय व्हायचं, मी ओढतो." तासभर ढोल वाजला म्हणे. मी थांबले असते तर ऐकला असता. घरी येऊन दादानं मला त्यातलं काय सांगितलं नाय. मीबी विचारलं नाय.

आता बोलते ते कागदावर नाय.

मी आल्यापासून बघते. त्याच मोहल्ल्यातली माणसं आलीत. एका आळीची डावीकडं बसलीत, दुसऱ्या आळीची उजवीकडं. मधी जायला रस्ता सोडलाय, त्यातून कुणी जात नाय. सगळे दादासाठी आलात ना? मग हे काय?

ढोल हा इथं ठेवलाय. दोर त्यानंच सोडलेला हाय, तसाच. सुतक हाय, काठी लागायची नाय. पण ताणायला सुतक आड येत नाय. चाचा, काका, तुम्ही उठू नका. तुम्ही एकदा उठलात. आता एक डावीकडचा, एक उजवीकडचा, दुसरं कुणीबी या. एकानं ओढा, एकानं धरा. ताणून झाला की सगळे उभं राहून दोन मिनिटं गप राहू. ताणलेला ढोल मधी आन् वाजवणारा नाय. त्याला तेवढाच नमस्कार पुरे.

तोवर मी इथंच उभी हाय. ठकूला दम निघत नाय, असं सगळे म्हणतात. खरं हाय.

आज निघंल. भिवादादा, मी थांबलेय.