आमदाराचा दुभाष्या

त्या आमदाराचं कौतुक माझ्यासमोर नका सांगू. त्यो माझ्याच वर्गात होता, इथं सीमाभागात, अनगोळच्या मराठी शाळेत. मधल्या सुट्टीत आमच्या घरी येऊन माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हातची भाकरी खायचा. शिव्यासुद्धा मराठीतच द्यायचा.

निवडून आल्यावर आक्का त्याच्या ऑफिसात गेलती. मीपण सोबत. गल्लीत नळाला पाणी न्हाय, एवढंच सांगायचं होतं. समोर बेंगळूरचे अधिकारी बसलेले. आक्का मराठीत बोलाय लागली, तसं ह्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि पीएला कन्नडमध्ये विचारलं, "ह्या बाई काय म्हणतात?" पीएनं मुकाट्यानं सगळं कन्नड करून सांगितलं. आक्काला कन्नड फर्डं येतं, पण ती तशीच उठून घरी आली. पाणी काय आलं न्हाय.

पाच वर्षांनी हाच पठ्ठ्या दारात हजर! हात जोडलेले, मान वाकलेली, मागं तोच पीए. "आक्का, वळखलंसा न्हवं? तुमच्या भाकरीवर वाढलोय मी!" मराठी नुसती उतू जात होती. तमाशा बघायला अख्खी गल्ली गोळा झालेली.

आक्कानं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं न्हाय. पीएला विचारलं, "काय म्हणतात ओ हे?"

पीए सवयीनं बोलून गेला, "मत मागत्यात."

"मग सांगा त्यास्नी, मिळायचं न्हाय."

आणि शपथ सांगतो, त्या पीएनं आमदाराकडं वळून तेवढंच कन्नडमध्ये सांगितलं.